मिठाला जागणारा की जागल्या?

जॅक ग्लासमान हे नाव फुटबॉलच्या पक्क्या शौकिनालाही चटकन आठवत नाही. आठवत राहावं असा त्याचा खेळही नव्हता. फ्रान्सच्या उत्तर टोकाला, बेल्जियमच्या सीमेजवळ व्हॅलेन्सिएन नावाचं कोळसा-पोलादावर वाढलेलं जुनं गाव आहे. तिथल्या क्लबात तो बचावफळीत खेळायचा. तिशी गाठलेला, आपल्या कामाशी काम ठेवणारा गडी. १९९३च्या मे महिन्यात आलेल्या एका फोननं मात्र त्याचं सगळं आयुष्यच फिरवलं.

२० मेला व्हॅलेन्सिएनची मॅच होती ऑलिम्पिक मार्सेलिसशी. सावरकरांच्या १९१०च्या उडीमुळे मराठी घराघरांत ठाऊक असलेलं, तेच हे मार्सेलिस. त्या क्लबचा तेव्हा दबदबा असा की, फ्रान्सची लीग त्यानं सलग चार वर्षं जिंकलेली. सहा दिवसांनी म्युनिकमध्ये मिलानच्या बलाढ्य टीमशी युरोपियन कपची फायनल खेळायची होती. क्लबचा मालक होता बर्नार तापी. आदिदास कंपनी खिशात घातलेला उद्योगपती, टीव्हीवरचा लाडका चेहरा, राजकारणातही बडं प्रस्थ आणि नुकताच फ्रान्सचा मंत्री राहिलेला. अशा टीमला लीगच्या तळाशी गटांगळ्या खाणाऱ्या व्हॅलेन्सिएनची भीती ती काय? पण फायनलच्या तोंडावर आपला कुणी खेळाडू जायबंदी होऊ नये आणि लीगचे गुणही हातचे जाऊ नयेत, यासाठी 'सोय' करायचं ठरलं.

मॅचच्या आदल्या रात्री मार्सेलिसचा खेळाडू जाँ-जाक एडेलीनं व्हॅलेन्सिएनच्या तिघांशी हॉटेलात संधान बांधलं. ख्रिस्तोफ रोबेर, होर्खे बुरुचागा आणि ग्लासमान. यातला बुरुचागा म्हणजे १९८६च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये अर्जेंटिनाचा विजयी गोल मारणारा. निरोप सरळ होता: उद्या जरा दमानं खेळा, पैसे पोचतील. रोबेरनं पैसे घेतले. बुरुचागानं म्हणे आधी मान डोलावली आणि मग माघार घेतली. ग्लासमाननं मात्र थेट कोच बोरो प्रिमोरॅकला गाठलं आणि जे घडलं ते सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी मॅचच्या मध्यंतरात ती गोष्ट पंचाच्याही कानावर घातली गेली. मार्सेलिसनं १-० असा विजय मिळवला. सहा दिवसांनी युरोपियन कपही उचलला. फ्रान्सच्या एखाद्या क्लबला हा मान पहिल्यांदाच मिळत होता. सगळा देश नाचत होता आणि अशा वेळी कुठल्याशा टुकार टीमचा एक बचावपटू म्हणत होता, 'यात घोळ आहे.'

पेपरांत बातमी फुटली तसा गदारोळ उडाला. जूनमध्ये पोलिसांनी रोबेरच्या नातेवाइकांच्या बागेत खणलं, तर अडीच लाख फ्रँकांचं पाकीट मातीतून वर आलं. चोरीचा माल परसात पुरण्याची युक्ती फ्रान्समध्येही चालते तर! पुढे लीगचं विजेतेपद मार्सेलिसकडून काढून घेतलं गेलं, युरोपच्या पुढच्या स्पर्धेतून क्लबची हकालपट्टी झाली आणि १९९४ साली त्याला दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये ढकललं गेलं. १९९५मध्ये खटला चालून तापी दोषी ठरला आणि १९९७ साली तुरुंगात गेला.

आता कुणालाही वाटेल की, ग्लासमानला लोकांनी डोक्यावर घेतलं असेल. झालं उलटंच. तो मैदानात उतरला की, प्रेक्षक शिट्ट्या मारून त्याची हुर्यो उडवत. लाच देणाऱ्याची नव्हे, घेणाऱ्याचीही नव्हे, सांगणाऱ्याची! व्हॅलेन्सिएनचा क्लब घसरत गेला, तसा ग्लासमानही. बड्या क्लबांची दारं त्याला बंद झाली. कारकिर्दीची अखेर झाली ती हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटावरच्या एका छोट्या क्लबात. १९९५ साली 'फिफा'नं त्याला खिलाडूवृत्तीचं पारितोषिक दिलं. ते योग्यच झालं, पण पारितोषिक देणाऱ्यांपैकी कुणी त्याला खेळायला क्लब दिला नाही.

त्या शिट्ट्या मारणारे प्रेक्षक दुष्ट होते, असं म्हणणं सोपं आहे. ते तसे नव्हते. त्यांच्या डोक्यात एक जुना हिशेब पक्का होता आणि तो आपल्याही घराघरांत आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. ज्याचं मीठ खाल्लं, त्याच्या मिठाला जागावं. घरातली गोष्ट चव्हाट्यावर नेऊ नये. कारखान्यातला कामगार, बँकेतला कारकून, शाळेतली शिक्षिका सगळे याच संस्कारात नोकरी करतात आणि त्यात वावगं काही नाही. रोज उठून ऑफिसातल्या कुरबुरी गल्लीत सांगत सुटणाऱ्यावर कोण विश्वास ठेवणार? फुटबॉल क्लब तर साधी कचेरीही नसते. तिथे गाव जीव लावून असतं. बापानं ज्या रंगाचा गळपट्टा बांधला, तोच पोरगा बांधतो. क्लबची अब्रू ही गावाची अब्रू. तिला कुणी बोट लावलं की, ते बोटच आधी पिरगाळलं जातं.

पण मराठीत याच 'जागणे'वरून आणखी एक शब्द आलेला आहे. जागल्या. गावावर, उभ्या पिकावर रात्रभर पहारा करणारा तो जागल्या. चोर आला की, त्यानं ओरडायचं असतं. मालकाची झोपमोड होईल म्हणून तो गप्प बसला, तर त्याला कुणी इमानी म्हणणार नाही. संस्थेतला गैरकारभार उघड करणाऱ्यालाही अलीकडे मराठीत 'जागल्या'च म्हणू लागलेत, हे फार चांगलं झालं. 'चहाडखोर' आणि 'घरभेदी' हे शब्द आपल्याकडे मुबलक होते. या कामाला बरा शब्द तेवढा नव्हता.

तापीच्याच प्रकरणात या इमानाचा दुसरा नमुना पाहायला मिळाला. १७ जून १९९३ रोजी तापीनं आपल्याला पॅरिसच्या कचेरीत बोलावून गप्प राहण्यासाठी आमिष दाखवलं, असं कोच प्रिमोरॅकनं तपासात सांगितलं. तापीला बचावासाठी साक्षीदार हवा होता. तो मिळाला एका माजी मंत्र्याच्या रूपात. जाक मेलिक त्यांचं नाव. त्या दुपारी तापीबरोबर मीच होतो, असं मेलिक छातीठोकपणे म्हणाले. मेलिकांच्या साहाय्यिकेनंही आधी साहेबांच्या म्हणण्याला दुजोरा दिला. नोकरी साहेबांकडे, मग दुसरं काय करणार? पण १९९५च्या खटल्यात तिनं ती साक्ष फिरवली आणि खरं सांगितलं. साहेब त्या दिवशी पॅरिसला नव्हतेच. एवढा मोठा डोलारा कोसळायला कचेरीतल्या एका बाईचा एक जबाब पुरला. तापीनं मग कोर्टात कबूल केलं की, आपण खोटं बोललो, पण चांगल्या हेतूनं!

अर्थात पत्रकारापुढे तोंड उघडणारा प्रत्येक जण काही ग्लासमान नसतो. क्रिस्तियानो रोनाल्डोचं उदाहरण ताजं आहे. नोव्हेंबर २०२२मध्ये, कतारच्या वर्ल्ड कपला जेमतेम काही दिवस उरले असताना त्यानं पिअर्स मॉर्गन या पत्रकाराला लांबलचक मुलाखत दिली आणि मँचेस्टर युनायटेडची लक्तरं काढली. कोचबद्दल आपल्याला आदर नाही, मालकांना क्लबची पर्वा नाही, आपण २००९ साली गेलो तेव्हापासून पोहण्याचा तलाव आणि व्यायामशाळाही तशीच आहे, असं बरंच काही. त्यातलं काही खरंही असावं. मालक ग्लेझर कुटुंबाविरुद्ध मँचेस्टरचे प्रेक्षक वर्षानुवर्षं घोषणा देत आले होते. पण रोनाल्डोला हे सारं सुचलं ते कोचनं त्याला बाकावर बसवल्यानंतर. पंधरवडाही उलटला नाही, तोच क्लबनं आणि त्यानं काडीमोड घेतला. वर्ष सरायच्या आत सौदी अरेबियातल्या अल नस्र क्लबशी त्याचा करारही झाला. बोलण्याची किंमत त्याला द्यावी लागली नाही, कारण त्याचं नाव रोनाल्डो होतं.

त्याच क्लबचा कप्तान रॉय कीन याची गत २००५ साली आणखी गमतीची झाली. मिडल्सब्रोनं ४-१ असं धुऊन काढल्यावर त्यानं सहकाऱ्यांची खरडपट्टी काढली, ती बाहेरच्या पेपरात नव्हे, क्लबच्याच टीव्ही वाहिनीवर! क्लबनं ती मुलाखत दाखवलीच नाही आणि काही आठवड्यांत बारा वर्षं क्लबात काढलेल्या कप्तानाला निरोपाचा नारळ दिला. म्हणजे चव्हाटा स्वतःच्या अंगणात असला, तरी चालत नाही.

मग राग बोलतोय की जागल्या, हे ओळखायचं कशावरून? एक खूण बहुतेक वेळा उपयोगी पडते. बोलणारा आधी घरात बोलला होता का? ग्लासमान आधी कोचकडे गेला, मग पंचाकडे. वर्तमानपत्राचं दार हे त्याच्यासाठी शेवटचं होतं. खऱ्या प्रकरणांत हे असंच घडताना दिसतं आणि क्लबवाले नेमकं हेच सांगायचं टाळतात.

अमेरिकेतल्या पोर्टलँड थॉर्न्स या महिलांच्या क्लबातली हकीकत या बाबतीत पाहण्यासारखी आहे. २०१५ साली माना शिम या खेळाडूनं कोच पॉल रायली याच्याविरुद्ध क्लबकडे लेखी तक्रार केली. मुलींच्या खासगी आयुष्यात ढवळाढवळ, अश्लील शेरेबाजी आणि त्याहून गंभीर गैरवर्तन असं तिचं स्वरूप होतं. क्लबनं चौकशी केली आणि रायलीला घालवलं. इथवर सगळं रीतसर. पण लोकांना सांगितलं काय, तर कोचचा करार पुढे वाढवत नाही आणि त्यांच्या सेवेबद्दल आभारी आहोत! खरं कारण मुठीत राहिलं. ही झाकली मूठ कितीला पडली, ते लवकरच दिसलं. काही महिन्यांतच रायली त्याच लीगमधल्या दुसऱ्या क्लबचा कोच झाला. त्या क्लबनं स्पर्धा जिंकल्या, त्याचे सत्कार झाले. थॉर्न्सच्या कपाटातली ती तक्रार ना तिथल्या मुलींना ठाऊक होती, ना त्यांच्या आईबापांना.

२०२१मध्ये शिम आणि तिची एकेकाळची सहकारी सिनेड फॅरेली या दोघींनी लीगच्या प्रमुखांकडे पुन्हा चौकशीची मागणी केली. उत्तर आलं की, ते प्रकरण तेव्हाच मिटलं आहे. आता सांगायला घरात कुणी उरलंच नव्हतं. दोघी 'द अ‍ॅथलेटिक'च्या पत्रकार मेग लिनेहान यांच्याशी बोलल्या. ३० सप्टेंबर २०२१ रोजी तो लेख प्रसिद्ध झाला. रायलीनं बहुतेक आरोप नाकारले, पण त्याच दिवशी त्याची नोकरी गेली. दुसऱ्या दिवशी लीगच्या प्रमुख लिसा बेअर्ड यांनी राजीनामा दिला. सहा वर्षांत जे झालं नाही, ते दोन दिवसांत झालं. पुढच्या आठवड्यात मॅच सुरू झाल्यावर सहाव्या मिनिटाला दोन्ही टीमच्या मुली खेळ थांबवून मैदानाच्या मधोमध हातात हात घालून उभ्या राहिल्या. सहावंच मिनिट का, हे प्रेक्षकांना समजावून सांगावं लागलं नाही.

त्यानंतर सॅली येट्स या माजी सरकारी विधिज्ञ महिलेनं वर्षभर चौकशी केली. ऑक्टोबर २०२२च्या त्यांच्या अहवालात दिसलं की, रोग एका क्लबपुरता नव्हता. अनेक क्लबांना बरंच काही ठाऊक होतं आणि ज्यांना ठाऊक होतं, त्यांनी ते पुढच्याला सांगितलं नव्हतं. जानेवारी २०२३मध्ये रायलीसह चार प्रशिक्षकांवर लीगनं कायमची बंदी घातली. थॉर्न्सला दहा लाख डॉलर दंड झाला. मालकाला अखेर क्लब विकावा लागला. २०२४च्या सुरुवातीला तो विकत घेतला, तो भाठल या भारतीय वंशाच्या कुटुंबानं. फॅरेली २०२३ साली पुन्हा मैदानात उतरली आणि आयर्लंडकडून वर्ल्ड कपही खेळली. शिमला अमेरिकेच्या फुटबॉल महासंघानं खेळाडूंच्या सुरक्षिततेसाठीच्या कार्यगटाचं प्रमुखपद दिलं. ग्लासमानच्या नशिबी आलेल्या शिट्ट्यांनंतर तीस वर्षांत एवढा फरक पडला, हे खरं. तो पडायला सहा वर्षांची घुसमट लागली, हेही खरंच.

काही वेळा हे मौन रोखीनं विकत घेतलं जातं. इंग्लंडचा चेल्सी हा क्लब घ्या. १९७०च्या दशकात तिथला मुख्य स्काउट लहान मुलांवर अत्याचार करायचा. त्यातल्या एका मुलानं, गॅरी जॉन्सननं, मोठेपणी दाद मागितली, तेव्हा २०१५ साली क्लबनं त्याला ५० हजार पौंड दिले. अट एकच, कुणाला सांगायचं नाही. म्हणजे ज्याच्यावर अन्याय झाला, त्याच्याच तोंडाला कुलूप आणि किल्ली क्लबच्या तिजोरीत. हे कुलूप तुटलं कसं, तर नोव्हेंबर २०१६मध्ये अँडी वुडवर्ड नावाच्या माजी खेळाडूनं 'गार्डियन' वृत्तपत्राला आपलं नाव लपवू नका असं सांगून लहानपणीची कहाणी सांगितली. क्रू अलेक्झांड्रा या छोट्या क्लबातल्या बॅरी बेनेल या प्रशिक्षकानं त्याचं बालपण नासवलं होतं. ती मुलाखत छापून आली आणि इंग्लंडभरातून चाळिशी-पन्नाशीचे पुरुष पुढे येऊ लागले. त्यातल्या कित्येकांनी तोवर बायकोलाही काही सांगितलेलं नव्हतं. डिसेंबरमध्ये चेल्सीनं जॉन्सनवरची अट उठवली आणि माफी मागितली. बेनेल २०१८ साली दीर्घ शिक्षा भोगायला पुन्हा तुरुंगात गेला आणि २०२३मध्ये तिथेच मेला.

आपला मुलगा किंवा मुलगी कुठल्या अकादमीत पाठवणाऱ्या आईबापांनी एवढ्यासाठी तरी ही प्रकरणं वाचायला हवीत. 'सर फार कडक आहेत, पण घडवतात' असं कौतुकानं सांगितलं जातं. सर कडक असावेतच. पण सरांबद्दल काही सांगायचं झालं, तर पोरानं कुणाकडे जायचं, हे फी भरताना किती जण विचारतात?

कायदा याबाबत काय म्हणतो? ब्रिटनमध्ये १९९८पासून जनहितासाठी माहिती उघड करणाऱ्या नोकराला संरक्षण देणारा कायदा आहे. त्यातली पायरी पाहण्यासारखी आहे. मालकाला सांगणाऱ्याला संरक्षण सहज मिळतं. पेपरवाल्याला सांगणाऱ्यासाठी मात्र अटी कडक. त्यात स्वतःचा फायदा नको, माहिती खरी असल्याची रास्त खात्री हवी. शिवाय एक तर आधी मालकाला सांगून झालेलं हवं, नाहीतर सांगितल्यास सूड उगवला जाईल किंवा पुरावा गडप होईल अशी सबळ भीती हवी. प्रकरण फारच गंभीर असेल, तर थोडी सवलत. थोडक्यात, रोनाल्डोला दार बंद आणि शिमसाठी उघडं. आपल्याकडे २०१४ साली संसदेनं जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा मंजूर केला खरा. पण तो सार्वजनिक सेवकांच्या गैरकारभारापुरता. त्याच्या अंमलबजावणीचा मुहूर्तही सरकारला लागला नाही. खासगी फुटबॉल क्लबात खेळणाऱ्या पोरीला त्याचा उपयोग शून्य.

अशा पोरींची वेळ आपल्याकडे आलीच. मार्च २०२४मध्ये गोव्यात महिलांच्या राष्ट्रीय लीगच्या दुसऱ्या विभागाचे सामने चालू होते. हिमाचलच्या खाड एफसी या क्लबच्या मुली त्यासाठी आल्या होत्या. २८ मार्चच्या रात्री क्लबच्या मालकानं दारूच्या नशेत आपल्या खोलीत घुसून मारहाण केली, अशी तक्रार त्यातल्या दोघींनी केली. तो गृहस्थ नुसता मालक नव्हता. आपल्या राज्याच्या फुटबॉल संघटनेचा तो पदाधिकारी होता आणि अखिल भारतीय महासंघाच्या कार्यकारिणीवरही होता. म्हणजे क्लबात तक्रार करायची, तर त्याच्याकडे. राज्य संघटनेकडे जायचं, तर तिथेही तोच. दिल्लीला लिहायचं, तर टेबलाभोवती बसलेल्यांत पुन्हा तोच. परक्या राज्यात, घरापासून हजारो किलोमीटरवर, जेवणखाण, तिकीट, पुढची निवड सगळं ज्याच्या हातात, त्याच्याविरुद्ध बोलायचं होतं.

मुलींनी महासंघाला पत्र लिहिलं आणि ते दिल्लीच्या फायलीत जाऊन बसण्याआधीच बातमी पेपरांत आणि वाहिन्यांवर झळकली. तक्रार म्हापसा पोलिसांकडेही गेली. ३० मार्चला पोलिसांनी त्या पदाधिकाऱ्याला अटक केली, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात महासंघानं त्याला निलंबित केलं. पत्र लिहिण्यापासून अटकेपर्यंत जेमतेम दोन दिवस गेले. पोर्टलँडच्या शिमला सहा वर्षं लागली होती.